राहुटीतला नळ

मुलांनो, ‘वाळवंट’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? माझ्या चौथीच्या वर्गाला मी एकदा वाळवंटाचं चित्र काढायला सांगितलं. सगळ्यांची चित्रं जवळजवळ सारखीच आली! पिवळी वाळू, वर लालबुंद सूर्य, एक उंट आणि कोपऱ्यात खजुराचं झाड. माणूस कोणीच काढला नव्हता. घर नाही, विहीर नाही, शाळा तर नाहीच नाही.

पण आपल्या देशातलं थरचं वाळवंट असं ओसाड नाही, बरं का! थर हे जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या वाळवंटांपैकी एक आहे. तिथे गावं आहेत, शेतं आहेत, शेळ्या-मेंढ्यांचे कळप आहेत. सगळीकडे वाळूही नाही. बराचसा भाग खडकाळ माळ आणि काटेरी झुडपांचा आहे. मधूनच वाळूच्या टेकड्या लागतात. तिकडचे लोक त्यांना ‘धोरे’ म्हणतात.

या धोऱ्यांमध्ये हल्ली प्रवाशांसाठी तंबूंचे कॅम्प असतात. साधेसुधे नव्हेत, चांगले थाटाचे! आमच्या शिक्षिकांच्या भिशीतून पैसे साठवून आम्ही काहीजणी दिवाळीच्या सुट्टीत तिकडे जाऊन आलो. तंबूचं भाडं आमच्या खिशाला तसं जडच, म्हणून मुक्काम एकाच रात्रीचा. पण त्या एका रात्रीत पाहिलं आणि ऐकलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना. चला तर, तुम्हीही या माझ्याबरोबर.

पुण्याहून रेल्वेने आधी जोधपूर गाठायचं. तिथून पुढे जैसलमेर. हे शहर रावळ जैसलने ११५६ साली वसवलं. इथला दगड पिवळा, त्यामुळे किल्ला, हवेल्या, गल्ल्या सगळं उन्हात सोन्यासारखं चमकतं. गंमत म्हणजे या किल्ल्यात आजही लोक राहतात. आपले बहुतेक गड आता रिकामे आहेत, इथे मात्र गडावर पोरं क्रिकेट खेळत असतात आणि गच्चीवर वाळवणं घातलेली असतात.

जैसलमेरहून जीप पश्चिमेला निघते. साधारण चाळीस किलोमीटरवर सम नावाचं गाव आहे. वाटेत हळूहळू झाडं खुजी होत जातात, घरं विरळ होतात आणि एका वळणानंतर एकदम समोर धोरे दिसतात. वाऱ्याने त्यांच्यावर लाटा उमटवलेल्या असतात. धोऱ्याची एक बाजू नेहमी चढायला सोपी आणि दुसरी एकदम उतरती असते. ज्या बाजूने वारा येतो ती बाजू सोपी. वारा वाळूचे कण लोटत लोटत माथ्यावर नेतो आणि पलीकडे ढकलून देतो. असं रोज थोडं थोडं होऊन धोरा पुढे सरकत राहतो. चालती टेकडीच म्हणा ना!

आणि आता आपला तंबू. पडदा सारून आत शिरा. खाली सतरंजी, तिच्यावर गालिचा. पलंग, मऊ गाद्या, दोन-दोन रजया. छताला आतून भरतकाम केलेलं कापड. टेबलावर पितळी दिवा. मागचा पडदा सारला, तर स्वच्छ न्हाणीघर! चकचकीत नळ, गरम-गार पाणी, डोक्यावर फवारा.

तंबूतला हा थाट तसा नवा नाही. राहुटी, डेरा, शामियाना, कनात हे शब्द मराठीत कुठून आले असतील? मोहिमेवर निघालेल्या फौजांबरोबर ही कापडाची घरंही चालत. सरदारांचे डेरे मोठे आणि शिपायांच्या राहुट्या लहान. मराठी राहुट्या या वाळवंटाच्या काठापर्यंतही जाऊन पोहोचल्या होत्या. जयाप्पा शिंदे यांनी मारवाडातल्या नागौरला वेढा घातला होता. त्याच छावणीत १७५५ च्या जुलैमध्ये दगाफटका करून त्यांना मारण्यात आलं. नागौरजवळच्या ताऊसर इथे त्यांची छत्री आहे. एवढ्या फौजेला, घोड्यांना, बैलांना त्या कोरड्या मुलखात पाणी कसं पुरवत असतील, हा विचार माझ्या मनात तिथे सारखा येत होता.

आणि तो येण्याचं कारण होतं ते न्हाणीघरातला नळ!

हिशेब बघा. जैसलमेरला वर्षभरात पाऊस पडतो जेमतेम दीडशे ते दोनशे मिलिमीटर. पुण्यात पडतो सातशेच्या आसपास आणि महाबळेश्वरला पाच हजारांच्याही वर. म्हणजे महाबळेश्वरला पावसाळ्यात चांगल्या आठवड्याभरात जेवढा कोसळतो, तेवढा इथे कधीकधी वर्षभरातही होत नाही. मग या वाळूत, या तंबूत, नळाला धो धो पाणी आलं कुठून?

कॅम्पवर स्वयंपाकाचं बघणारे एक वयस्कर काका होते. त्यांना विचारलं. ते मला तंबूंच्या मागे घेऊन गेले. तिथे सिमेंटची मोठी टाकी होती आणि तिच्याशेजारी टँकर उभा होता. ‘‘पाणी रोज येतं,’’ काका म्हणाले, ‘‘चाकांवर बसून येतं!’’ मग हसून म्हणाले, ‘‘आमच्या लहानपणी ते आभाळातून यायचं. वर्षातून चार-पाच दिवस. तेवढंच वर्षभर पुरवायचं.’’

कसं पुरवायचं? ते बघायला काकांनी आम्हाला जवळच्या ढाणीवर नेलं. ढाणी म्हणजे चार-सहा घरांची वस्ती, आपली वाडीच. झोपड्या गोल, भिंती मातीच्या, छप्पर गवताचं. अंगणाच्या मध्यभागी जमिनीत बांधलेलं एक गोल टाकं. वर घुमटासारखं झाकण आणि झाकणाला चक्क कडी-कुलूप! भोवतालची जमीन चोपून-चोपून गुळगुळीत केलेली आणि टाक्याकडे उतरती. ती रोज झाडायची. तिच्यावरून चपला घालून जायचं नाही, शेळ्या फिरकू द्यायच्या नाहीत. पाऊस आला की या स्वच्छ अंगणावरचं पाणी भोकांमधून थेट टाक्यात उतरतं.

तिकडे याला ‘टांका’ म्हणतात. ओळखीचा वाटतो ना शब्द? सिंहगडावर गेला असाल तर देवटाक्याचं गार पाणी नक्की प्यायला असाल. शिवनेरीवरही गंगा-जमुना नावाची टाकी आहेत. आपल्या गडकऱ्यांनी कातळात टाकी खोदली, इथल्या लोकांनी वाळूत बांधली. युक्ती एकच.

ढाणीवरच्या काकींनी आम्हाला पितळी पेल्यातून पाणी दिलं. पेला भरलेला नव्हता, अर्धाच होता. ‘‘अजून लागलं तर अजून देईन,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण उष्टं टाकायचं नाही.’’ त्यांची मुलगी पाचवीत शिकते. ती आमच्याकडे टक लावून बघत होती. मग धीर करून तिने विचारलं, ‘‘तुमच्या गावचं टाकं केवढं आहे?’’

मी सांगितलं, ‘‘आमच्या पुण्याला चार धरणांचं पाणी येतं. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर.’’ धरण म्हणजे दोन डोंगरांच्या मध्ये भिंत घालून केलेलं मैलोन्‌मैल पसरलेलं तळं, हेही समजावून सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘‘आणि त्याला झाकण कोण घालतं?’’

आम्ही हसलो, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता.

आता वही-पेन्सिल घ्या. ढाणीवरचं टाकं साधारण तीन मीटर रुंद आणि तीन मीटर खोल. वृत्तचितीचं घनफळ तुमच्यातल्या मोठ्यांना येतंच. उत्तर येईल सुमारे एकवीस घनमीटर, म्हणजे २१,००० लीटर. घरात माणसं सहा. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज दहा लीटर धरले, तर दिवसाला ६० लीटर. २१,००० भागिले ६० म्हणजे ३५० दिवस. जवळजवळ एक वर्ष! गुरांना आणि धुण्याला पाणी गावाच्या तळ्यातून, ते वेगळं.

पण एवढ्याशा पावसात टाकं भरतं तरी का? तेही बघू. एक गोष्ट पाठच करून ठेवा : एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लीटर पाणी मिळतं. टाक्याभोवतीचं उतरतं अंगण दोनशे चौरस मीटरचं असलं आणि वर्षभरात दीडशे मिलिमीटर पाऊस झाला, तर होतात ३०,००० लीटर. त्यातलं थोडं मुरलं, थोडं उडून गेलं, तरी टाकं भरतं. शाळेत न गेलेल्या आजोबा-पणजोबांनी हे गणित सोडवून ठेवलेलं आहे!

आता दुसरं गणित. आपल्या देशात शहरातल्या माणसाला रोज १३५ लीटर पाणी मिळावं, असं प्रमाण धरतात. समजा, एखाद्या कॅम्पमध्ये चाळीस तंबू आहेत आणि दर तंबूत दोन माणसं. ऐंशी माणसांनी शहरातल्यासारखंच पाणी वापरलं, तर दिवसाला १०,८०० लीटर. म्हणजे किती दिवसांत एक टाकं संपलं? दोन! एका घराचं वर्षभराचं पिण्याचं पाणी आपण दोन दिवसांत वापरून मोकळे!

हे उत्तर मिळाल्यावर त्या चकचकीत नळाकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघायला लागले.

थरच्या लोकांनी पाण्याची अशी किती तरी गणितं सोडवली आहेत. अनुपम मिश्र नावाच्या लेखकांनी ‘राजस्थान की रजत बूंदें’ या हिंदी पुस्तकात ती सुरेख सांगितली आहेत. मोठे झालात की जरूर वाचा. तिकडचे लोक पाण्याचे तीन प्रकार मानतात. आभाळातून पडून वरच साठतं ते ‘पालर’. खोल विहिरीतलं ते ‘पाताल’, हे पुष्कळदा खारट असतं. आणि या दोघांच्या मधलं ते ‘रेजाणी’. म्हणजे काय? काही ठिकाणी वाळूच्या खाली जिप्समचा थर असतो. पावसाचं पाणी वाळूत मुरतं, पण या थराच्या खाली जाऊन खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. ते ओलावा होऊन तिथेच अडकून राहतं. मग लोक अगदी अरुंद, माणूस जेमतेम मावेल एवढी विहीर खोदतात. तिला ‘कुंई’ म्हणतात. वाळूतला ओलावा थेंब थेंब करत तिच्यात झिरपतो. दिवसभरात दोन-तीन घडे पाणी जमतं, पण ते गोड!

आणि शेती? त्यासाठी ‘खडीन’. खडकाळ उतारावरून येणारं पावसाचं पाणी सखल जागी लांबलचक मातीचा बांध घालून अडवायचं. पाणी जमिनीत मुरलं की त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा पेरायचा. वरून पाणी द्यावं लागत नाही. जैसलमेर भागातले पालीवाल लोक यात पटाईत होते. त्यांचं कुलधरा नावाचं गाव जैसलमेरपासून पंधरा-वीस किलोमीटरवर आहे. एकोणिसाव्या शतकात ते ओस पडलं. प्रवासी तिथे भुताखेतांच्या गोष्टी ऐकायला जातात. मी मात्र तुम्हाला सांगेन, तिथली सरळ आखलेली गल्ल्यांची रांग बघा आणि आसपासचे खडीन बघा. भुतांपेक्षा ते जास्त थक्क करतात.

माणसांसारखेच इथले प्राणी आणि झाडंही काटकसरी. उंटाच्या मदारीत पाणी असतं असं तुम्हाला वाटतं ना? तिच्यात असते चरबी! पाणी मिळालं की उंट एका दमात शंभर लीटरपर्यंत पिऊ शकतो आणि मग ते जपून जपून वापरतो. वाळू उडाली की नाकपुड्या मिटून घेतो. पापण्यांना केसांच्या दोन रांगा असतात, त्यामुळे डोळ्यांत वाळू जात नाही.

झाडांमध्ये इथला राजा म्हणजे खेजडी. ही तर आपली शमी! आपण दसऱ्याला तिची पूजा करतो. इथे तिच्या शेंगा म्हणजे ‘सांगरी’ वाळवून वर्षभर भाजी करतात. पाला शेळ्या-उंटांना घालतात. तिची मुळं खूप खोल जातात, म्हणून कडक उन्हाळ्यातही ती हिरवी राहते. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात हीच झाडं तोडायला राजाची माणसं आली. तेव्हा अमृतादेवींसह ३६३ बिष्णोई स्त्री-पुरुषांनी झाडांना मिठ्या मारून प्राण दिले. तंबूत रात्री जेवायला बाजरीची भाकरी आणि केर-सांगरीची भाजी होती. ती खाताना ही गोष्ट ठाऊक असली की घास वेगळाच लागतो.

आणखी एका ओळखीच्या रहिवाशाबद्दल सांगते. आपल्या सोलापूरजवळ नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. हा माळावरचा उंच, भारदस्त पक्षी. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. आज महाराष्ट्रात माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला आहे. जगात उरलेले बहुतेक माळढोक याच जैसलमेरच्या आसपास आहेत. इथे त्याला ‘गोडावण’ म्हणतात आणि तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे. विजेच्या तारा त्याला समोरून नीट दिसत नाहीत, त्यांवर आदळून तो मरतो. २०१९ पासून सम इथल्या केंद्रात त्याची अंडी उबवून पिल्लं वाढवायचं काम चालू आहे. माळ म्हणजे पडीक जमीन, असं आपण समजत आलो. त्याची किंमत या पक्ष्याने मोजली.

रात्री कॅम्पमध्ये शेकोटी पेटली. मांगणियार कलाकार आले. हे मुसलमान गायक पिढ्यान्‌पिढ्या आपल्या यजमानांच्या घरी लग्नाची, बारशाची गाणी गातात, त्यांच्या देवांचीसुद्धा. कमायचा हे त्यांचं वाद्य, गजाने वाजवायचं. हमीरा गावचे कमायचावादक साकर खाँ यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली होती. खडतालवर दोन लाकडी पट्ट्यांची जोडी अशी काही नाचते, की बोटं दिसतच नाहीत!

मग दिवे मालवले. आणि मुलांनो, आभाळ! पुण्यात तुम्हाला मोजून वीस-पंचवीस तारे दिसतात. इथे आकाशगंगा दुधाच्या धारेसारखी या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली. कृत्तिकांचा झुबका, शर्मिष्ठेचा एम आणि उत्तरेला ध्रुव. ध्रुव पुण्यापेक्षा इथे वर दिसतो, हे लक्षात येतं का बघा. हात लांब करून मूठ धरली, की एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. पुण्यात ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींच्याही खाली असतो, इथे जवळजवळ तीन मुठी. कारण पुणे साडेअठरा अक्षांशावर आणि जैसलमेर सत्तावीसवर. भूगोलाचं पुस्तक असं आभाळात उघडं पडलेलं असतं!

आता तुम्ही विचाराल, बाई, मग अशा तंबूत राहायला जावं की नाही? आधी सकाळी उंटवाल्या दादांनी काय सांगितलं ते ऐका. त्यांच्या वडिलांकडे अकरा उंट होते, यांच्याकडे दोन. देशभरात हीच गत आहे. २०१२ च्या पशुगणनेत आपल्याकडे सुमारे चार लाख उंट होते, २०१९ मध्ये अडीच लाख उरले. ओझी ट्रक वाहतात, शेत ट्रॅक्टर नांगरतो. ‘‘हिवाळ्यात पाहुणे येतात म्हणून यांना चारा मिळतो,’’ दादा म्हणाले. गाणाऱ्यांचं, स्वयंपाकाच्या काकांचं घरही त्याच चार-पाच महिन्यांवर चालतं. म्हणून मी म्हणेन, जा. जरूर जा. फक्त पाहुण्यासारखे जा. पाहुणा यजमानाच्या घरात काय आहे, किती आहे, हे बघून वाढून घेतो. फवारा बंद ठेवा, एक बादली घ्या. पंधरा लीटरमध्ये झकास अंघोळ होते. आम्ही सगळ्यांनी केली!

आणि जैसलमेर लांब आहे, म्हणून हे गणित लांबणीवर टाकू नका. पुण्यातही नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावातून दगडी नळाने पाणी आणून पेठांमधल्या हौदांत सोडलं होतं. म्हणजे पाणी मोजून वापरायची सवय आपल्याला नवी नाही. आज मात्र एप्रिल-मे उजाडला की कित्येक सोसायट्यांच्या दारात टँकर उभे राहतात. त्या कॅम्पसारखंच आपलंही पाणी चाकांवर बसून येतं!

तर या रविवारी एवढं करा. मीटरपट्टी घेऊन आपल्या इमारतीची किंवा शाळेची गच्ची मोजा. लांबी गुणिले रुंदी, मग त्याला सातशेने गुणा. जेवढं उत्तर येईल, तेवढे लीटर पाणी दर पावसाळ्यात तुमच्या डोक्यावर पडतं. शंभर चौरस मीटरची गच्ची असेल, तर ७०,००० लीटर! ढाणीवरची तीन टाकी भरून वर उरेल. मग ते पाणी कुठे जातं, हे शोधा. पन्हळीतून गटारात जात असेल, तर घरातल्या मोठ्यांना आणि सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांना ते उत्तर नेऊन दाखवा. आकडा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा, म्हणजे त्यांना चष्मा शोधावा लागणार नाही.